स्क्रीनवर ९५ गुण, वॉर्डात हात थांबतात: व्हर्च्युअल सिम्युलेशनची ही तक्रार दर बॅचला येत असेल तर

तक्रार साधारण अशी येते. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी व्हर्च्युअल सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या काल्पनिक पेशंटवर, ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावाची केस सोडवलेली असते. गुण ९० च्या पुढे, सगळ्यांचे रिपोर्ट हिरवे. पुढच्याच आठवड्यात सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग लागतं आणि तिथली इन्चार्ज सिस्टर विचारते, ‘‘मॅडम, ह्यांना नक्की काय शिकवून पाठवलंय?’’

झालेलं असतं एवढंच: मुलगी बेडपाशी गेली. बीपी ९६/६०, नाडी ११८, श्वसन २२. तिन्ही आकडे बरोबर मोजले, चार्टवर नीट अक्षरात लिहिले आणि ती पुढच्या बेडकडे गेली. कुणाला काही सांगितलं नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा २०१७ चा न्यूज-२ तक्ता (पेशंटची प्रकृती ढासळतेय का हे ओळखण्याचा; जितके गुण जास्त तितका धोका जास्त) लावला तर या तीन आकड्यांना प्रत्येकी २ असे ६ गुण होतात, आणि ५ गुणांनाच डॉक्टरला तातडीने बोलवायचं असतं. तक्ता तिला पाठ होता. स्क्रीनवर तिने याच आकड्यांना अचूक उत्तर दिलं होतं.

अशा वेळी दोन निष्कर्ष लगेच काढले जातात: सॉफ्टवेअर कुचकामी आहे, किंवा ही बॅचच कच्ची आहे. दोन्ही घाईचे. कोल्हापुरात नर्सिंग शिकवताना हा दोष मी वेगवेगळ्या बॅचमध्ये पाहिला आहे आणि तो दुरुस्त होतो. फक्त तो नेमका कुठे आहे हे आधी शोधावं लागतं.

आधी तांत्रिक दोष बाजूला काढा

हे पटकन उरकून घ्या. त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर अडखळतं. क्लिक उशिरा लागतं, म्हणून मुलगी पुन्हा क्लिक करते आणि तेच औषध दोनदा दिल्याची नोंद होऊ शकते. ब्राउझर अपडेट करा, सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन चालू आहे का बघा, वायफायऐवजी केबल लावा आणि तास सुरू होण्याआधी केस एकदा पूर्ण उघडून ठेवा. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा निदान एका कॉम्प्युटरला आणि प्रोजेक्टरला तरी यूपीएस हवा. हेडसेट घातल्यावर ज्यांना गरगरतं त्यांना साध्या स्क्रीनवर बसवा, जबरदस्ती करू नका. आणि एका लॉगिनवर तिघीजणी बसत असतील तर ते आजच थांबवा, कारण मग कुणाचा रिपोर्ट कुणाचा हेच कळत नाही आणि पुढची तपासणी होऊ शकत नाही.

हे सगळं ठीक असूनही वॉर्डातून तीच तक्रार येत असेल तर दोष शिकवण्याच्या मांडणीत आहे.

रिपोर्टमधले गुण सोडा, वेळ बघा

बहुतेक प्रणाली प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवतात: किती वाजता सुरू केलं, कोणत्या मिनिटाला काय केलं, किती वेळा केलं. शिक्षक बहुधा शेवटचे गुण बघून रिपोर्ट बंद करतात. खरी माहिती तर या मधल्या नोंदीत असते.

पहिला प्रयत्न २५ मिनिटांचा आणि ६२ गुणांचा, तिसरा प्रयत्न ६ मिनिटांचा आणि ९८ गुणांचा, असं दिसलं तर क्रम पाठ झाला आहे. कधीकधी तो क्रम बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. यात मुलींना बोल लावण्यासारखं काही नाही. गुणांना इंटर्नल असेसमेंटमध्ये वजन दिलं आणि प्रयत्न कितीही करू दिले, तर कुणीही हेच करेल. उपाय सरळ आहे. पहिला प्रयत्न एकदाच, मग चर्चा, मग दुसरा प्रयत्न, आणि गुण क्लिकांना न देता लेखी कारणाला द्या. दुसऱ्या प्रयत्नाच्या मध्येच कुठेतरी थांबवून कोरा कागद द्या: ‘आत्ता पेशंटला काय होतंय असं तुला वाटतं, कशावरून, आणि पुढची दहा मिनिटं तू काय बघणार?’ क्रम पाठ केलेली मुलगी इथे अडते आणि समजलेली मुलगी धडाधड लिहिते. हा फरक गुणांत कधीच दिसत नाही.

दुसरा नमुना उलटा असतो. मेन्यूतल्या सगळ्या तपासण्या एकामागून एक क्लिक केलेल्या दिसतात. डोक्यापासून पायापर्यंत काही सोडलेलं नाही, कारण जास्तीच्या क्लिकला दंड नाही. वॉर्डात चाळीस तपासण्या करायला कुणाला वेळ मिळत नाही. अशा वेळी बंधन घाला: डॉक्टरला फोन करण्याआधी फक्त पाच गोष्टी बघता येतील, कोणत्या पाच ते ठरव. निवड करावी लागली की विचार सुरू होतो.

पहिल्या आणि शेवटच्या प्रयत्नातही गुण कमीच असतील तर तो विषयच कच्चा आहे. तिथे सिम्युलेशन आणखी करून उपयोग नाही, पुस्तकाकडे परत जा.

मेन्यू मुलीच्या वाटचं काम करतो

आता मुख्य दोष. माझ्या मते ही तक्रार टिकून राहते ती सर्वात जास्त यामुळेच.

क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली नर्सच्या क्लिनिकल निर्णयाचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून विचार करणं. आपल्या स्क्रीनवरच्या केसला हे टप्पे लावून बघा. श्वसनाचा आकडा मॉनिटरच्या कोपऱ्यात आपोआप दिसतो. जनरल वॉर्डात बहुतेक बेडला मॉनिटर नसतो, छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं, आणि घाईत न मोजता २० लिहायची सवय सगळ्यांना ठाऊक आहे. स्क्रीनवर ‘वेदनेबद्दल विचारा’, ‘ड्रेसिंग तपासा’, ‘लघवीचं प्रमाण बघा’ अशी बटणं समोर मांडलेली असतात. काय विचारायचं, कुठे बघायचं हे बटणच सुचवतं. म्हणजे पहिला टप्पा, लक्षात येण्याचा, मुलीच्या वतीने मेन्यू पार पाडतो. तिचा सराव होतो दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याचा. मग वॉर्डात ती पहिल्याच पायरीवर थांबली तर नवल काय? त्या पायरीवर तिने पाय कधी ठेवलेलाच नव्हता.

याला उपाय आहे आणि त्याला जादा पैसे लागत नाहीत. मेन्यू मुलींच्या डोळ्यांपुढून काढा. एक लायसन्स, एक प्रोजेक्टर, आठ-दहा मुली. कॉम्प्युटरवर शिक्षक बसतो आणि पडद्यावर फक्त पेशंट दिसेल असं बघतो. मेन्यू लपवता येत नसेल तर पडद्याच्या त्या भागावर चार्टपेपर चिकटवा. दोघी-तिघी पुढे उभ्या राहतात, बाकीच्या निरीक्षणाचा कागद भरतात. नियम एकच: जे तोंडाने बोललं गेलं तेच क्लिक होईल.

‘‘मॅडम, ऑक्सिजन लावू.’’
‘‘कशाने? किती?’’

इथे शांतता पसरते. स्क्रीनवर ‘ऑक्सिजन द्या’ हे एकच बटण होतं. आता मास्क की नेझल प्रॉंग्ज (नाकात लावायच्या नळ्या), किती लिटर, सॅच्युरेशन किती आलं की पुरे, हे सगळं तोंडातून यावं लागतं. पेशंटचा आवाज दुसऱ्या शिक्षकाने द्यायचा, आणि तो आपल्या भागातला द्यायचा. आमच्याकडे चंदगड-आजऱ्यापासून शाहूवाडीपर्यंतचे आणि सीमेपलीकडून निपाणी-चिकोडीचे पेशंट येतात. ‘माझ्या वेदनेची तीव्रता दहापैकी सात आहे’ असं त्यातलं कुणी म्हणत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण सगळी अडचण त्यात नेमकी दिसते. केस होती गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर चार तासांनी आतून रक्तस्राव सुरू झालेल्या बाईची. शिक्षिकेने पेशंटचा आवाज दिला: ‘‘सिस्टर, तहान लई लागल्या. घोटभर पानी द्या की.’’ लगेच नातेवाइकाचा आवाज: ‘‘देऊ का हो थोडं?’’ पुढे उभी असलेली मुलगी ठामपणे म्हणाली, ‘‘नाही मावशी, अजून तोंडाने काहीच द्यायचं नाही.’’ उत्तर अगदी बरोबर. गुण द्यायचे तर पैकीच्या पैकी. पण ही बाई पुन्हा पुन्हा पाणी का मागते, सारखी कूस का बदलते, हात गार का लागतो, हे तिने विचारलंच नाही. तहान आणि अस्वस्थता ही रक्त कमी होत असल्याची सुरुवातीची खूण असू शकते. बीपी बरंच नंतर उतरतं, तरुण पेशंटमध्ये तर फारच उशिरा. सूचना पाळण्यात लक्ष गेलं आणि खूण हातातून निसटली. मेन्यू समोर असता तर ‘ड्रेसिंग तपासा’ बटण दिसलं असतं, तिने दाबलं असतं, आणि हे आम्हाला कळलंही नसतं.

चर्चा कापली की सगळं वाया

आंतरराष्ट्रीय नर्सिंग सिम्युलेशन संघटनेने, म्हणजे इनॅक्सलने, २०२१ मध्ये सुधारित मानकं प्रसिद्ध केली. त्यात केसआधीची तयारी आणि केसनंतरची चर्चा या दोन्हींना स्वतंत्र मानकं आहेत. प्रत्यक्षात आपल्याकडे काय होतं? वेळापत्रकात एक तास, बॅच साठ जणींची, कॉम्प्युटर वीस. एक गट उठला की दुसरा बसतो. चर्चा म्हणजे स्क्रीनवर आलेला फीडबॅक वाचणं. तो वाचतानाही मुली बघतात ती फक्त लाल रेघ.

माझं स्पष्ट मत आहे की वेळ कमी असेल तर केसेस निम्म्या करा, पण चर्चा कापू नका. वीस मिनिटांच्या केसला निदान तेवढाच वेळ चर्चेला हवा. एपिच आणि चेंग यांची २०१५ ची पर्ल्स पद्धत सोपी आहे: आधी कसं वाटलं ते, मग काय घडलं ते, मग विश्लेषण, शेवटी सार. पण पद्धतीपेक्षा प्रश्नाची भाषा जास्त महत्त्वाची. ‘‘ड्रेसिंग का नाही बघितलंस?’’ असं विचारलं की मुलगी मान खाली घालते आणि ‘‘सॉरी मॅडम’’ म्हणते. तिथेच चर्चा संपते. त्याऐवजी म्हणा, ‘‘त्या पाणी मागत होत्या तेव्हा तुझं लक्ष कशावर होतं?’’ आता ती सांगते: ‘‘नातेवाईक पाणी पाजतील अशी भीती वाटली.’’ ही भीती खरी आहे, योग्यही आहे, आणि नेमकी तिनेच नजर बांधून ठेवली. हे तिचं तिला उमगलं की पुढच्या वेळी ती पाण्याला नाही म्हणेल आणि त्याच हाताने चादर बाजूला करून पॅड बघेल, लघवीची पिशवी तपासेल. तासाला ३० मिलीच्या खाली आली आहे का?

शिक्षकाने चर्चेत कमी बोलावं. हे अवघड जातं, आपल्याला लेक्चरची सवय असते. निरीक्षणाचा कागद भरणाऱ्या मुलींना आधी बोलू दिलं की ते आपोआप जमतं.

हात आणि फोन

स्क्रीन हाताला शिकवत नाही. ‘आयव्ही लाइन लावा’ हे तिथे एक क्लिक असतं. वॉर्डात दंडाला टूर्निकेचा पट्टा बांधायचा, शीर शोधायची, शिरेत घालायची नळी, म्हणजे कॅन्युला, हिरवी १८ नंबरची की राखाडी १६ नंबरची ते ठरवायचं, सेटमधली हवा काढायची आणि घामाने ओल्या हातावर टेप चिकटवायचा. हे सगळं शॉकमधल्या (रक्तदाब कोसळलेल्या) पेशंटवर, जिच्या शिरा आधीच बसल्या आहेत. म्हणून ज्या दिवशी स्क्रीनवर रक्तस्रावाची केस, त्याच दिवशी स्किल लॅबमध्ये हातावर कॅन्युलाचा सराव. दोन्हींमध्ये महिना गेला की जोड लागत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात स्किल लॅबचे तास वेगळे दिलेले आहेत, ते याच जोडीसाठी वापरता येतात.

फोनचा सराव मात्र जवळजवळ कुणीच घेत नाही, आणि वॉर्डात हात थांबतात त्यातले निम्मे इथे थांबतात. निवासी डॉक्टरला फोन करायचा म्हणजे मुलीच्या पोटात गोळा येतो. ‘‘सर, बेड सातचा पेशंट जरा बरोबर वाटत नाही’’ एवढं बोलून ती गप्प बसते, तिकडून ‘‘बघतो’’ येतं. खरा फोन हातात देऊन, पलीकडे दुसऱ्या खोलीत शिक्षक बसवून हे बोलून घ्या: ‘‘सर, पोस्ट-ऑप वॉर्डातून तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी बोलतेय, स्टाफ सिस्टर शेजारी आहेत. बेड सात, आज सकाळी हिस्टरेक्टॉमी झाली. बीपी ९६ बाय ६०, नाडी ११८, श्वसन २२, हातपाय गार, गेल्या तासात लघवी १५ मिली, पॅड पूर्ण भिजलंय. आतून ब्लीडिंग असावं असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर क्रॉस-मॅचला सॅम्पल काढून ठेवू का?’’ बोलण्याचा क्रम असा: परिस्थिती, पार्श्वभूमी, निरीक्षण, मागणी. पलीकडच्या शिक्षकाने मुद्दाम घाईत बोलावं, मध्येच तोडावं. मुलीने तरीही शेवटचं वाक्य पूर्ण केलं पाहिजे.

परदेशी केस आपल्या वॉर्डात बसत नसेल तर

विकत मिळणाऱ्या बऱ्याच केसेस अमेरिकेच्या किंवा युरोपच्या असतात. पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. काही प्रणालींत रक्तातली साखर आपल्या मिलिग्रॅमऐवजी मिलिमोलमध्ये येते. औषधाआधी बारकोड स्कॅन करायचा असतो, पेशंट स्वतंत्र खोलीत एकटा असतो. मुली हे सांभाळून घेतात, पण त्यात त्यांचं निम्मं लक्ष खर्च होतं. केस सुरू होण्याआधी पाच मिनिटं हे फरक फळ्यावर लिहून द्या.

याहून चांगलं म्हणजे एखादी केस आपण स्वतः बांधणं. ट्वाइन हे मोफत साधन आहे. फांद्या फुटत जाणारी गोष्ट त्यात लिहिता येते, मराठीत लिहिता येते, आणि तयार होते ती एकच एचटीएमएल फाइल, जी इंटरनेट नसतानाही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते. आपल्या भागासाठी मी मण्यार सापाच्या दंशाची केस सुचवेन. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवर झोपलेली बाई, पहाटे पोटात कळा आणि उलटी. घरचे म्हणतात, ‘‘रातच्याला शिळं खाल्लं व्हतं.’’ दंशाची खूण दिसत नाही, कारण मण्यारीची बहुधा दिसतच नाही. विषाने पापण्या जड झाल्यात का हे कुणी बघितलं तरच कळतं. केसमध्ये ‘पापण्या बघा’ असं बटण ठेवू नका. ‘आता काय कराल?’ असा रिकामा चौकोन ठेवा. घोणस सापाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून तिची केस करायची असेल तर २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी घ्या: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त, न हलवता ठेवायचं, २० मिनिटांनी एकदाच तिरकं करायचं. नळी प्लास्टिकची घेतली किंवा डिटर्जंटने धुतलेली असली तर निकालावर विसंबता येत नाही, आणि ही चूक केसमध्ये मुद्दाम पेरता येते.

तास कमी करण्याची घाई

कुणी म्हणेल, सिम्युलेशन एवढं चांगलं तर वॉर्डातलं पोस्टिंग कमी करू. यासाठी अमेरिकेच्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेचा २०१४ चा अभ्यास दाखवला जातो. त्यात निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास सिम्युलेशनने भरून काढले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही, हे खरं. पण तिथे शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं होतं आणि प्रत्येक केसनंतर रीतसर चर्चा होती. मुलींना कॉम्प्युटरपुढे एकट्या बसवून तास भरण्याला त्या अभ्यासाचा आधार घेता येणार नाही.

दोष गेला का, हे कसं ओळखायचं

सॉफ्टवेअरच्या गुणांवरून मुळीच नाही. पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात बेडपाशी उभं राहून तीन गोष्टी बघा. मुलीने श्वसन घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजलं का. आकडा बिघडलेला दिसल्यावर ती बेडपाशी थांबली का, पेशंटला हात लावला का. आणि कुणाला, किती मिनिटांत सांगितलं. जास्त बारकाईने बघायचं असेल तर टॅनर यांच्या टप्प्यांवर बेतलेलं लॅसेटर यांचं २००७ चं मूल्यमापन पत्रक वापरता येतं.

वरचे सगळे उपाय करूनही सुधारणा दिसत नसेल तर एकदा वॉर्डाकडेही बघा. मुलीने येऊन सांगितलं आणि ‘‘तू तुझं टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) लिही, आम्ही बघतो’’ असं उत्तर मिळालं, तर पुढच्या वेळी ती येणार नाही. हा दोष कुठल्याही सॉफ्टवेअरने जाणार नाही. पोस्टिंग सुरू होण्याआधी इन्चार्ज सिस्टरशी बसून एवढंच ठरवा: विद्यार्थिनीने बिघडलेला आकडा आणून दाखवला तर स्टाफ सिस्टरने तिच्याबरोबर बेडपर्यंत यावं आणि एकदा स्वतः मोजावं. आकडा चुकीचा निघाला तरी यावं. आणि हे ठरवताना चर्चेच्या तासाला एखाद्या दिवशी त्या सिस्टरनाच पेशंटचा आवाज द्यायला बोलवा. त्यांच्याइतका खरा आवाज आपल्यापैकी कुणाला देता येत नाही.